जिन्याखालच्या अ‍ॅडॅप्टरवाल्या ताई

काउंटरवर उजव्या हाताचा पंजा पालथा ठेवायचा, गिऱ्हाइकाकडे चष्म्यावरून बघायचं आणि विचारायचं, "शेजारी कोण आहे?"

नवखा माणूस गोंधळून जाई. एकदा एका तरुणाने घाईघाईने सांगितलं, "मी एकटाच राहतो, काकू."

"तुमचं लग्न ठरवत नाहीये मी," ताई म्हणाल्या. "हा अ‍ॅडॅप्टर ज्या सॉकेटमध्ये खुपसणार, त्याच्या शेजारच्या सॉकेटमध्ये काय आहे ते विचारतेय."

"ते बघावं लागेल."

"मग बघून या. आम्ही इथेच आहोत."

मुलांनो, या ताईंना तुम्ही दोघांनी पाहिलं आहे. आपल्या नारायण पेठेतल्या इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर उतरत्या जिन्याच्या पोटाखाली एक स्टूल, पुढे काउंटर, काउंटरला बिजागरीने जोडलेली एक फळी आणि मागे छतापर्यंत खोकी. मागच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर डोकं पायरीला लागे, म्हणून त्या मागे बसूनच सरकत. मी त्यांच्याहून वयाने मोठी, पण सगळी पेठ त्यांना ताई म्हणे, मीही म्हणत असे. त्या मला वहिनी म्हणत. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचलं तर म्हणतील, "वहिनी, माझी जाहिरात करायला कोणी सांगितलं होतं?"

दुकान त्यांच्या वडिलांचं. वडील गेले आणि त्या स्टुलावर ताई बसल्या. लग्न केलं नाही. पलीकडच्या गल्लीत एक खोली होती, तिथे रात्री झोपायला जात. मी एकदा म्हटलं होतं, आता जरा आराम करा. तर म्हणाल्या, "वहिनी, सकाळी उठून जायला एक जागा लागते. मला घरी बसता येत नाही. बसून पाहिलंय. दुपारपर्यंत मी भिंतींशी भांडायला लागते."

हे लक्षात ठेवा. पुढे जे झालं ते या एका जागेचंच आहे.

त्यांच्या प्रश्नामागे शास्त्र होतं. ते मला त्यांनी पहिल्यांदा ऐकवलं, ते मी राऊटरचा अ‍ॅडॅप्टर बदलायला गेले तेव्हा. आपल्या हॉलमधला बोर्ड तुम्हाला आठवत असेल: दोन सॉकेट, मध्ये बोटभर जागा, खाली बटणं. राऊटरचा अ‍ॅडॅप्टर एका सॉकेटमध्ये लावला की त्याचं अंग दुसऱ्या सॉकेटवर पसरे आणि खालच्या बटणावरही बसे. आजोबांना फोन चार्ज करायचा असला की इंटरनेट जाई. तुमचा व्हिडिओ कॉल कितीदा मध्येच तुटला, त्याचं कारण हे होतं. अमेरिकेतल्या हवामानाचा त्यात काही दोष नव्हता.

मी जरा वैतागूनच म्हटलं, "हे बनवणाऱ्यांना एवढं कळत नाही का?"

"कळतं. पण त्यांना आपला बोर्ड बघायचा नसतो." ताईंनी खोक्यातून एक जुना, उघडलेला अ‍ॅडॅप्टर काढून माझ्या हातावर ठेवला. आत लोखंडाचा ठोकळा, त्याभोवती तांब्याची तार. हात खाली गेला एवढा जड. "भिंतीतली वीज दांडगी असते. तुमच्या राऊटरला ती सोसत नाही, त्याला बारीक करून द्यावी लागते. बारीक करायचं काम कुठेतरी व्हायला हवं ना? यंत्राच्या आत केलं तर यंत्र जाड होतं, तापतं. जाड यंत्र दुकानात कोणी घेत नाही. म्हणून त्याचं पोट काढून भिंतीवर टांगलं. यंत्र दिसायला सडपातळ, आणि जाडी तुमच्या बोर्डावर."

"पण मग पिना तरी कडेला द्याव्यात. शेजारचं सॉकेट मोकळं राहील."

"कडेला दिल्या तर वजनाने एकीकडे लवतो आणि पिन ढिली पडते. मधोमध दिल्या तर दोन्हीकडे हातपाय पसरतो. शिवाय प्रत्येक देशाची पिन वेगळी. यंत्र सगळीकडे तेच पाठवायचं, डबा तेवढा बदलायचा. कंपनीला सोपं. आणि आपले बोर्ड कधीचे? टेबललॅम्प आणि रेडिओ होता तेव्हाचे. तेव्हा पिनेचं डोकं लिंबाएवढं होतं. आता लिंबाच्या जागी नारळ आणून ठेवलेत."

आता नवे चार्जर लहान व्हायला लागलेत, हेही त्यांनी सांगितलं. त्याची त्यांना खंत नव्हती. "होऊ देत. जुने कुठे जातायत? माणसं डबा टाकून देत नाहीत."

त्यावर त्यांचा उपाय होता शेपटी. वीतभर जाड वायर, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट. पिन बोर्डात, अ‍ॅडॅप्टर खाली लोंबकळता किंवा कपाटावर आडवा. शेजारी मोकळा. शेपट्या त्या स्वतः जोडत, स्क्रू स्वतः आवळत आणि देण्याआधी दोन्ही टोकं धरून जोरात ओढून बघत. पण शेपटी अशी सहज विकत नसत. आधी बोर्डाचा फोटो मागत. पुरुष मंडळी बायकोला फोन करून फोटो मागवत आणि काउंटरसमोर उभी राहत. एकाच्या बायकोने चिडून स्वयंपाकघरातल्या मिक्सरसकट सगळ्या बोर्डांचे फोटो पाठवले. ताईंनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "बायकोला सांगा, घर स्वच्छ आहे. शेपटीची गरज नाही. तुम्ही उगाच आलात."

असं दुकान चालतं का, असं तुम्ही विचाराल. चालायचं. जेमतेम, पण चालायचं.

तुम्ही दोघं आलात त्या दिवाळीत काय झालं, ते तुम्हाला आठवतं की नाही कोण जाणे. दोन लॅपटॉप, दोन फोन, तुमच्या आईचं ते दात घासायचं यंत्र. तिकडच्या चपट्या पिना इथे बसेनात. मग तुमच्या बाबाने एका सॉकेटमध्ये मल्टिप्लग लावला, त्यात कन्व्हर्टर, त्यात अ‍ॅडॅप्टर, त्याच्या डोक्यावर आणखी एक. ते सगळं भिंतीपासून फूटभर पुढे आलं होतं आणि स्वतःच्या वजनाने खाली झुकलं होतं. मी चकल्या तळत होते. कढईतल्या तेलाचा वास येतोय असं मला वाटलं, तर तो प्लास्टिकचा होता. फट् झालं आणि घरातली वीज गेली.

ताई वर आल्या. काळ्या पडलेल्या सॉकेटकडे न बघता त्या मनोऱ्याकडे बघत राहिल्या.

"हा देखावा कोणी केला?"

तुमचा बाबा, चाळिशी ओलांडलेला इंजिनियर, म्हणाला, "मी."

"छान आहे. गणपतीत करायचा होता, बक्षीस मिळालं असतं."

मग त्यांनी मेन बंद करून सॉकेट बदललं, आणि जाताना तुम्हा दोघांना एकेक शेपटी दिली. धाकट्याने ती कुत्र्यासारखी मागे लावून घरभर पळापळ केली. तेव्हा ताई हसल्या. त्यांना मी असं मोठ्याने हसताना फारसं पाहिलेलं नाही.

इमारतीच्या रीडेव्हलपमेंटचं बोलणं त्यानंतर सुरू झालं. पुण्यात सध्या हे प्रत्येक गल्लीत चालू आहे; जुनी इमारत पाडायची, नवी उंच बांधायची, खाली गाड्या, मध्ये लिफ्ट. सोसायटीची सेक्रेटरी मी. नकाशा पहिल्यांदा माझ्या जेवणाच्या टेबलावर उलगडला गेला. मी बोट फिरवत जिना शोधला. जिन्याखाली काही नव्हतं.

"इथे एक दुकान आहे," मी आर्किटेक्टला म्हटलं. हुशार, नम्र मुलगी होती.

"काकू, कागदावर ते दुकान नाहीये. ते जिन्याखालची जागा एवढंच आहे. नियमाप्रमाणे ती मोकळी ठेवावी लागते."

मला ते पटलं नाही. ताईंचा अर्धा जन्म तिथे गेला होता, आणि कागदाला ते ठाऊक नव्हतं. मी खाली जाऊन त्यांना सांगितलं. त्या शेपटीचा स्क्रू आवळत होत्या. आवळून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मला जागा नाही."

"मी बघते," मी म्हटलं.

"बघा. मी मागणार नाही असं नाही हं, वहिनी. मला हवी आहे."

हे त्यांचं मला फार आवडलं. उगाच आढेवेढे नाहीत.

मग मी घरोघर फिरले. कोणाचं काही म्हणणं नव्हतं, एकट्या पहिल्या मजल्यावरच्या काकांचं होतं. ते पहिल्यापासून दुकानाच्या विरुद्ध. वर्षानुवर्षं त्यांचं आणि ताईंचं भांडण त्या बिजागरीच्या फळीवरून. दुकान उघडलं की ताई फळी आडवी करत आणि जिन्याची वाट तेवढी अरुंद होई. काका भाजीची पिशवी घेऊन येत, फळीपाशी थांबत आणि म्हणत, "टोल किती?"

"तुमच्यासाठी माफ. ज्येष्ठ नागरिक."

"ही फळी म्हणजे तुमच्या त्या अ‍ॅडॅप्टरसारखी आहे. दुसऱ्याच्या जागेवर पसरलेली."

"मग शेपटी घ्या एक, मला लावा आणि बाजूला टांगा."

दोघांनाही या भांडणात रस होता. काकांना एखाद्या दिवशी बरं नसलं की ताई विचारत, "आज पहिल्या मजल्यावर शांतता का?"

माझ्या फिरण्याचा उपयोग झाला. आर्किटेक्ट मुलीनेही मनावर घेतलं. तिने भिंत थोडी आत घेऊन जिन्याच्या बाजूला एक लहानसा गाळा बसवला. नियमात बसत होता, पण प्रवेशाची वाट जराशी अरुंद होत होती. लोक तयार होते. सभा बोलवायची आणि हात वर करून घ्यायचे, एवढंच बाकी राहिलं. मी ताईंना सांगितलं, झालं समजा. त्यांनी त्या दिवशी मला चहा पाजला, तोही दोनदा.

सभेच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी, तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना धाप लागली. मास्तर निवृत्त, एकटे, अंगाने भारी. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना, म्हणून त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. ओरडत, एकेक पायरी उतरत ते खाली आले. शेवटच्या वळणावर खुर्चीचा पाय ताईंच्या फळीत अडकला. पुढे जाता येईना, मागेही नेता येईना. मास्तरांचे ओठ निळसर दिसत होते. मी वरच्या पायरीवर उभी होते, मला सगळं दिसत होतं.

ताई स्टुलावरून उठल्या. बिजागरी वाकली होती, फळी खाली पडेना. त्यांनी दोन्ही हातांनी फळी धरली, काउंटरला पाय लावला आणि ती उपटली. खिळे करकरले. शेपट्यांचं भेंडोळं, खोकी, होल्डर सगळं जमिनीवर. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, पोट आत घेऊन, आणि खुर्ची त्यांच्या छातीला घासून गेली.

मास्तर वाचले. आठ-दहा दिवसांनी काठी टेकत घरी आले, फळी नसलेल्या काउंटरपाशी थांबले आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुमची फळी मोडली, ताई."

"तुमच्यामुळे नाही. मी मोडली."

पण सभा मास्तर परत येण्याआधीच झाली. गच्चीवर, संध्याकाळी, सतरंज्या घालून. ताई सभासद नव्हत्या, तरी मी त्यांना बोलावलं होतं, कारण विषय त्यांचा होता. मी ठराव वाचला. कोणी हात वर करायच्या आत त्यांनी नकाशा मागितला. आर्किटेक्ट मुलीने तो त्यांच्यापुढे पसरला. ताईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"गाळा काढल्यावर वाट किती उरते?"

"दोन माणसं शेजारून आरामात जातील, ताई."

"खुर्ची आणि चार माणसं?"

त्या मुलीने नकाशावरची वाट बोटाने मोजली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, "लिफ्ट असणार आहे ना."

"वीज गेली तर? आग लागली तर लिफ्ट बंदच ठेवतात. मी विजेचं दुकान चालवते, मला लिफ्टचं काय सांगता?" त्यांनी नकाशाची घडी घातली, माझ्या हातात दिली. "नको. जिन्यापाशी काही नको. गाळा काढून टाका."

आणि सगळ्यात आधी कोण बोललं असेल? पहिल्या मजल्यावरचे काका.

"अहो ताई, घ्या की! एवढं सगळे देतायत. नियमातही बसतंय. मी हात वर करायला तयार आहे."

ताई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही इतकी वर्षं बरोबर बोलत होतात. आजच कसे बिघडलात?"

सगळे हसले, काका हसले नाहीत. त्यांनी रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

मी ताईंना गच्चीच्या कोपऱ्यात नेलं. म्हटलं, "ताई, हे तुम्ही बोलताय? तुम्हीच म्हणाला होतात ना, मला हवी आहे."

"हवीच आहे. अजूनही हवी आहे."

"मग?"

"मी रोज लोकांना परत पाठवते, वहिनी. शेजारचं अडतंय, हा नको, तो घ्या. आणि माझंच काउंटर मास्तरांच्या वाटेत. मी तिथे बसले तर उद्या कोणाला काय तोंडाने सांगू?"

मी आणखी बरंच बोलले. पर्यायी जागा, दुसरी गल्ली, भाड्याचा गाळा. पेठेतल्या गाळ्यांची भाडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. त्यांनी माझा दंड थोपटला, लहान मुलाला थोपटतात तसा, आणि खाली गेल्या.

इमारत लगेच पडणार नव्हती. परवानग्यांना वेळ लागणार होता. तोपर्यंत तरी बसा, असं सगळ्यांनी सांगितलं. ताईंचं उत्तर एकच, "माणूस आजारी पडायला बिल्डरची परवानगी घेत नाही." त्याच महिन्यात त्यांनी दुकान आवरलं. आर्किटेक्ट मुलीला बोलावून नव्या इमारतीच्या बोर्डांबद्दल मात्र त्यांनी दोन तास डोकं खाल्लं: दोन सॉकेटच्या मध्ये एका सॉकेटची जागा सोडा, बटण खाली नको, वर घ्या, पलंगाच्या मागे बोर्ड देऊ नका. तिने थोडं ऐकलं, थोडं नाही ऐकलं. सगळं ऐकलं असतं तर भिंतीत दुसरं काही बसलं नसतं, असं ती मला नंतर म्हणाली आणि तेही खरं होतं.

टेम्पो आला त्या सकाळी काका खाली उभे होते. खोकी उचलू लागले तर ताई म्हणाल्या, "राहू द्या, कंबर धरेल." काकांनी तरी एक खोकं उचललं, टेम्पोत ठेवलं आणि वर निघून गेले. निरोप कोणी कोणाचा घेतला नाही.

आता ताई खडकीला भाचीकडे असतात. भाचीचा नवरा तिथल्या सरकारी कारखान्यात आहे, त्यांना क्वार्टर मिळालंय. मी दर रविवारी फोन करते. मागच्या रविवारी विचारलं, "काम काय करता?"

"काही नाही. इथले बोर्ड जुन्या सरकारी मापाचे, सॉकेट एकमेकांपासून हातभर लांब. कोणाचं काही अडत नाही. मला विचारायला कोणी येत नाही."

"मग दिवस कसा जातो?"

"भिंतींशी भांडते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण भाची म्हणते, स्टेशनजवळ एक टपरी रिकामी आहे. बघायला जाणार आहे. चारी बाजूंनी मोकळी आहे म्हणे."

"जा," मी म्हटलं. "आणि मला कळवा. मी पहिलं गिऱ्हाईक."

"तुम्हाला काय हवंय?"

"काही नाही."

"मग कशाला येता एवढ्या लांब," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आवाजावरून बऱ्या वाटल्या.

आपली इमारत अजून उभी आहे. जिन्याखाली आता काही नाही. खोकी गेल्यावर त्यांच्या मागे एक लहान जाळीची खिडकी निघाली, ती तिथे आहे हे इतकी वर्षं राहून मलासुद्धा ठाऊक नव्हतं. मी दूध घ्यायला खाली उतरते तेव्हा तिच्यातून ऊन आत आलेलं असतं, खालच्या पायऱ्यांवर चौकटी-चौकटींचं. मास्तर काठी घेऊन फिरायला निघतात, त्या उन्हात क्षणभर थांबतात आणि कोणाला न विचारता, कशाला न अडता, सरळ बाहेर पडतात.